खेळात दिलेले छायाचित्र परत मिळते काय?

२०२०च्या टाळेबंदीत पटावरचा लुडो मोबाइलमध्ये शिरला, आणि तेव्हापासून वडगाव, कामशेत, तळेगाव, लोणावळा या पट्ट्यातील वाचकांच्या शंकांत एक शंका निरनिराळ्या शब्दांनी सातत्याने येत राहिली आहे. कोणी विचारतो की खेळ मोबाइलमधून काढून टाकला तरी माझा चेहरा समोरच्या खेळाडूला अजून कसा दिसतो; कोणी विचारते की मुलाने वय सिद्ध करण्यासाठी कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला, तो आता कोणाच्या दप्तरी जमा झाला; आणि कोणी, बऱ्याच संकोचाने, असे विचारते की खेळातल्या ओळखीच्या माणसास पाठवलेले छायाचित्र तो आता सर्वांना दाखवीन म्हणतो, तर काय करावे. हे तीनही प्रश्न वरवर एकाच जातीचे दिसले तरी त्यांची उत्तरे भिन्न आहेत. कारण पहिल्यात छायाचित्र एका कंपनीकडून दुसरीकडे गेलेले असते, दुसऱ्यात ते तपासणीसाठी नेमलेल्या तिसऱ्याच पक्षाकडे पोहोचलेले असते, आणि शेवटच्यात ते एका इसमाच्या हाती पडलेले असते. छायाचित्र ज्याच्या कब्जात आहे त्याच्याकडेच, आणि त्याने न ऐकल्यास त्याच्यावर ज्याचा अंमल चालतो त्याच्याकडे, दाद मागावी लागते. तेव्हा घाबरून दहा ठिकाणी धावण्यापूर्वी कब्जा कोणाचा, एवढे प्रथम ठरवावे.

कब्जा कोणाचा, हे कसे ओळखावे

- फेसबुक किंवा गूगलच्या खात्यातून आलेले छायाचित्र. लुडो किंगसारखा खेळ आपण फेसबुकमार्गे उघडता, तेव्हा तेथील नाव व चित्र खेळात उतरते. मोबाइलमधून खेळ काढून टाकल्याने हा दुवा तुटत नाही. फेसबुकच्या सेटिंग्जमधील ‘ॲप्स आणि वेबसाइट्स’ या भागात जाऊन तो खेळ तेथून काढावा. गूगलच्या खात्यातही बाहेरच्या ॲप्सना दिलेली जोडणी रद्द करण्याची सोय आहे. तथापि याने पुढची देवघेव थांबते. पूर्वी दिलेली प्रत खेळाच्या कंपनीकडे राहते आणि तिच्यासाठी खाते नष्ट करण्याची वेगळी विनंती करावी लागते.
- गॅलरीतून आपण स्वतः चढवलेले छायाचित्र. येथे कब्जा सरळ खेळाच्या कंपनीचा. ॲप काढणे आणि खाते नष्ट करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे कृपया ध्यानी धरावे. ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते त्यातच ते नष्ट करण्याची सोय असलीच पाहिजे, असे बंधन ॲपलने जून २०२२च्या अखेरीपासून घातले आहे. गूगल प्लेनेही पुढे तशीच अट घातली, आणि ॲप पूर्वीच काढून टाकलेल्यांसाठी संकेतस्थळावरूनही विनंती करता आली पाहिजे असे ठरवले.
- गप्पांच्या चौकटीतून दुसऱ्या खेळाडूस पाठवलेले छायाचित्र. हे सर्वांत अवघड प्रकरण असून त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

खेळ सुरू करण्यापूर्वी

खेळास आपला चेहरा लागत नाही. सोंगटी पुढे सरकवण्यासाठी किंवा ‘बीजीएमआय’मध्ये शत्रूचा वेध घेण्यासाठी आपल्या खऱ्या चेहऱ्याचा काडीइतकाही उपयोग नसतो, म्हणून पाहुणा म्हणून खेळता येत असेल तर तसे खेळावे, नाही तर टोपणनाव व खेळातलेच एखादे तयार चित्र निवडावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. खेळ छायाचित्रांच्या दालनात प्रवेश मागू लागला तर सरसकट परवानगी देऊ नये. नव्या अँड्रॉइड व आयफोनमध्ये ‘निवडक छायाचित्रे’ एवढीच परवानगी देता येते, ती द्यावी.

चेहऱ्याइतकीच पार्श्वभूमीही बोलकी असते, याचा मात्र पुष्कळांना विसर पडतो. शाळेच्या गणवेशावरील बिल्ला, दारावरची पाटी, उभ्या गाडीचा क्रमांक, बंगल्यामागचा ओळखीचा डोंगर, यांतील कोणतीही एक गोष्ट मावळासारख्या परस्परांना ओळखणाऱ्या तालुक्यात माणसाचा पत्ता काढण्यास पुरेशी आहे. शिवाय मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात ते कोठे काढले त्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्थळाची नोंद बंद करावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने छायाचित्र पाठवले तर ही नोंद सहसा गळून पडते, परंतु तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर जशीच्या तशी पलीकडे जाते.

‘तुमचा चेहरा कोणत्या नटासारखा’, ‘मागील जन्मी तुम्ही कोण होता’ असल्या करमणुकीच्या चाचण्याही याच सदरात येतात, आणि त्यांच्याकडे निरुपद्रवी गंमत म्हणून पाहण्याची आपली सवय मला घातक वाटते. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाचा स्फोट २०१८मध्ये झाला, त्याच्या मुळाशी फेसबुकवरील अशीच एक व्यक्तिमत्त्व-चाचणी होती. ती काही लाख लोकांनी दिली, परंतु मित्रयादीच्या वाटेने सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेल्याचे फेसबुकनेच मान्य केले.

खेळच चेहरा मागू लागला तर

येथे मात्र ‘देऊ नका’ असे एका वाक्यात सांगून भागत नाही, कारण चेहरा मागण्याचा हेतू काही वेळा मुलांच्याच रक्षणाचा असतो. रोब्लॉक्स या मुलांच्या आवडत्या खेळाने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केले की गप्पांची सोय हवी असेल त्याने वयाची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी कॅमेऱ्यासमोर चेहरा धरावयाचा, त्यावरून वयाचा अदमास बांधला जातो आणि तपासणीनंतर चित्र नष्ट केले जाते, असे कंपनी सांगते. हे काम कंपनी स्वतः न करता दुसऱ्या संस्थेकडून करून घेते. कंपनीचा हेतू शुद्ध मानला तरी दप्तर दुसऱ्याकडे गेले की धोका वाढतो, याचा दाखला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिळाला. खेळाडूंच्या गप्पांसाठी वापरल्या जाणाऱ्या डिस्कॉर्डने सांगितले की ग्राहकसेवेसाठी नेमलेल्या बाहेरच्या संस्थेमार्फत सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झाली असण्याचा संभव आहे.

यावरून निर्णय असा करावा:

1. गप्पांची सोय खरोखर हवी आहे काय, हे आधी ठरवा. लहान मुलाच्या बाबतीत बहुधा नको असते. मग चेहऱ्याचा प्रश्नच उरत नाही.
2. हवीच असेल तर ओळखपत्र चढवण्यापेक्षा, पर्याय दिला असल्यास, केवळ वयाचा अदमास बांधणारी तपासणी पत्करावी. ओळखपत्रावर चेहऱ्याबरोबर नाव, जन्मतारीख आणि पत्ताही असतो.
3. आधार देणे अपरिहार्य झाले तर फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे, बाकीचे झाकलेले आधारपत्र द्यावे. ते आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते.

पैशाच्या खेळांत जमा झालेली ओळखपत्रे

रमी, काल्पनिक संघांचे क्रिकेट आणि तत्सम खेळांत आपल्यापैकी अनेकांनी ओळखतपासणीसाठी पॅन, आधार आणि स्वतःचे तत्क्षणी काढलेले छायाचित्र दिलेले आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा नवा अधिनियम संमत करून पैशाच्या खेळांवर बंदी घातली आणि मोठ्या कंपन्यांनी ते बंद केले. दुकान बंद झाले, दप्तर मात्र राहिले. अशा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी की माझे खाते नष्ट करा, छायाचित्रे पुसा, आणि कायद्यानुसार काही दस्तऐवज ठेवणे भाग असेल तर ते कोणते व किती मुदतीसाठी, हे कळवा. कर व आर्थिक व्यवहारांच्या कायद्यांखाली काही कागद ठेवण्याची सक्ती कंपनीवर असू शकते, सबब सरसकट नकार आला तर कारण मागावे. ‘मी खेळलो, म्हणून मीच अडकेन’ या भीतीने अनेक जण गप्प बसतात. ही भीती निराधार आहे. अधिनियमातील शिक्षा असले खेळ चालवणाऱ्यांस आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांस आहे, खेळणाऱ्यास नाही.

लोहगडावर, कार्ल्यात आणि रस्त्यावर खेळताना

‘पोकेमॉन गो’सारखे खेळ प्रत्यक्ष स्थळी जाऊन खेळावयाचे असतात, आणि त्यांतील थांबे बहुतांशी खेळाडूंनीच पाठवलेल्या छायाचित्रांवरून उभे राहिलेले असतात. देऊळ, लेणे, पुतळा यांचे चित्र पाठवण्यास हरकत नाही. परंतु त्यात शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी कुटुंबाचे चेहरे येऊ देऊ नयेत, आणि कोणाचे खाजगी घर थांबा म्हणून सुचवू नये. या खेळाच्या मालकीची कथाही उद्बोधक आहे. तो काढणाऱ्या नायँटिक कंपनीने २०२५मध्ये आपले खेळ स्कोपली या दुसऱ्या कंपनीस विकले, आणि खेळाडूंच्या कॅमेऱ्यांतून जमलेल्या स्थळचित्रांवर आधारलेले नकाशाचे काम एका वेगळ्या कंपनीकडे ठेवले. ज्या नावावर विश्वास ठेवून आपण छायाचित्र दिले ते नाव उद्या दारावर राहीलच असे नाही. अटीपत्रात ‘व्यवसाय हस्तांतरित झाल्यास’ असे कलम असते, ते वाचण्यासारखे असते.

या भागापुरती एक गंभीर सूचना येथेच देतो. भुशी धरण व लायन्स पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था आहे आणि देहूरोडला लष्कराची आगारे आहेत. प्रतिबंधित स्थळांची छायाचित्रे काढणे हा शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गुन्हा ठरू शकतो. खेळासाठी कॅमेरा सुरू होता, हे समर्थन पहारेकऱ्यापुढे टिकणार नाही.

पवनेच्या काठी छायाचित्रकार नेमून काढलेली लग्नापूर्वीची चित्रे कोणी खेळाच्या जाहिरातीत वापरली तर मालकी कोणाची, असेही विचारले जाते. मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढवून घेणारा असतो, असे प्रताधिकार अधिनियम, १९५७ सांगतो. तेव्हा करारपत्रावर सही करण्यापूर्वी ‘उलट करार’ त्यात दडलेला नाही ना, एवढे पाहावे.

मुलांच्या बाबतीत

ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईस राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जागृती मासाचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या घरातील एक प्रसंग सांगितला. त्यांची मुलगी अनोळखी माणसांबरोबर ऑनलाइन खेळत असता समोरच्याने आधी गाव विचारले, मग मुलगा की मुलगी हे विचारले, आणि त्यापुढे थेट विवस्त्र छायाचित्राची मागणी केली. मुलीने खेळ बंद केला आणि आईला सांगितले. सातवी ते दहावीच्या वर्गांत दर आठवड्यास सायबर विषयाची एक तासिका असावी, अशी विनंती त्यांनी त्याच व्यासपीठावरून मुख्यमंत्र्यांस केली. या कथनात मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘आईला सांगितले’ ही गोष्ट. पुष्कळ घरांतील मुले सांगत नाहीत, आणि त्याचे कारण समोरच्या इसमाच्या धमकीत जितके असते तितकेच ‘सांगितले तर मोबाइल जाईल’ या भीतीतही असते. म्हणून आज, काही घडलेले नसतानाच, मुलास असे वचन द्या की कोणी छायाचित्र मागितले आणि तू सांगितलेस, तर तुझा मोबाइल काढून घेणार नाही. आणि प्रसंग आला तर ते वचन पाळा.

मागणीचा क्रम बहुधा ठरलेला असतो: खेळातले नाणे वा पोशाख भेट देणे, खेळ सोडून व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामवर येण्याचा आग्रह, साध्या चेहऱ्याचे चित्र, आणि मग पुढचे. ‘खेळाबाहेर बोलू’ ही पायरी येताच थांबावे, एवढे एक सूत्र मुलास समजावून दिले तरी पुष्कळ अनर्थ टळतो.

दुरुपयोग झालाच तर

1. काहीही पुसू नका. संभाषण, समोरच्याचे टोपणनाव व खातेक्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असे पडद्याचे चित्र घ्या. संताप येऊन खाते नष्ट केले तर पुरावाही त्याबरोबर जातो.
2. पैसे देऊ नका. एकदा दिल्याने मागणी संपत नाही. दिलेच असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवा, म्हणजे रक्कम वाटेत अडवण्याचा प्रयत्न करता येतो.
3. छायाचित्र अल्पवयीन मुलाचे असेल तर ते ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकांस किंवा गटावर पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ब खाली असे प्रसारण स्वतःच गुन्हा आहे, आणि भल्या हेतूने लोक हीच चूक करून बसतात. मोबाइल आहे त्या स्थितीत पोलिसांस दाखवावा.
4. कंपनीकडे तक्रार करा. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी विवस्त्र, खाजगी अवयव दर्शवणाऱ्या किंवा चेहरा बदलून बनवलेल्या चित्राबाबत व्यक्तीने वा तिच्या वतीने कोणीही तक्रार केल्यास ते हटवण्यासाठी २४ तासांची मुदत घातली. तक्रारीत ‘कृत्रिमरीत्या बदललेले चित्र’ किंवा ‘खाजगी चित्र’ हे शब्द स्पष्ट लिहा. नुसते ‘माझा फोटो काढा’ असे लिहिल्यास ती सामान्य तक्रारींच्या ढिगात पडते. निकाल समाधानकारक नसेल तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते.
5. प्रसार रोखा. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही प्रौढांसाठीची आणि ‘टेक इट डाउन’ ही अल्पवयीनांसाठीची सेवा मूळ चित्र आपल्याच मोबाइलमध्ये ठेवून केवळ त्याचा सांकेतिक ठसा सहभागी कंपन्यांस देते, त्यामुळे तेच चित्र तेथे पुन्हा चढवणे कठीण होते.
6. पोलिसांत फिर्याद द्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन येथे, स्त्रिया व मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. मात्र तपासाचा पाठपुरावा हवा असेल तर नाव दिलेले बरे. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

फिर्यादीत कोणत्या कलमांचा उल्लेख करावा, असा प्रश्न येतो. ते ठरवणे पोलिसांचे काम असले तरी माहिती असावी: दुसऱ्याची ओळख वापरणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६क, संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक करणे हे ६६ड, खाजगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपणे वा पसरवणे हे ६६ई, धमकावून पैसे मागणे हे भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८. पीडित बालक असेल तर पॉक्सो अधिनियम, २०१२ लागू होऊ शकतो, आणि त्याखाली मुलाचा जबाब त्याच्या घरी, पोलिसांच्या गणवेशाविना, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. मुलास ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवण्याचे कारण नाही, हे आपण नम्रपणे पण ठामपणे सांगू शकता.

आपले हक्क, आणि ते केव्हापासून

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु नागरिकाच्या उपयोगाच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये, अंमलात यावयाच्या आहेत. तोवर वर सांगितलेल्या कायद्यांचाच आधार घ्यावा. नव्या कायद्याने दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क मिळतो. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येत नाहीत. भारतात ५० लाख वा अधिक नोंदणीकृत खेळाडू असलेल्या ऑनलाइन खेळाच्या मध्यस्थाने, तीन वर्षे खाते वापरले नसेल तर, ४८ तासांची पूर्वसूचना देऊन माहिती पुसावी, अशीही तरतूद नियमांत आहे.

या कायद्यातील एक खाच मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. जे छायाचित्र आपण स्वतःच सर्वांसाठी खुले केले, त्यास हा कायदा लागू होत नाही. खेळातील आपले पान ‘सर्वांना दिसेल’ असे ठेवले असेल तर ते आजच ‘फक्त मित्रांना’ असे करा.

ठाणे कोणते?

लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत आणि वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येतात. तळेगाव दाभाडे, तळेगाव एमआयडीसी आणि देहूरोड ही २०१८मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहेत. एकाच तालुक्यातील हा दुहेरी कारभार फिर्याद घेऊन गेलेल्यास हमखास गोंधळात टाकतो आणि ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर ऐकावयास मिळते. ते उत्तर ग्राह्य नाही. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्याने घेतली पाहिजे. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असल्याने ठाण्यात गेल्यावर निरीक्षकांची भेट मागावी. खबर नोंदवण्यास नकार मिळाल्यास तिचा मजकूर लेखी स्वरूपात, टपालाने, पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा आणि पोचपावती जपून ठेवावी; तेथेही दखल घेतली गेली नाही तर त्याच कलमाखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि मावळ तालुक्याचे न्यायालय वडगावला आहे.